बाकी सव्वीस

लष्करातल्या आमच्या घरी
कॉम्प्युटर उघडतो तो कायम चार मार्चला.
बाहेर जानेवारी, गच्चीत गोधडी, गोधडीवर मटार,
आणि पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात
चार मार्च, दोन हजार नऊ.
मला वाटायचं, आतली बटणाएवढी बॅटरी मेली असणार.

बाबा म्हणाले, फार हळू चालतोय गं,
म्हातारा झालाय. मशीनबद्दल बोलतोय मी.
म्हणून बसले साफ करायला.

दौलतगंजच्या सक्सेनाने
तेव्हा सगळं फुकटात भरून दिलं होतं,
"रख लीजिए मास्साब, काम आएगा."
विषाणू पकडणारा एक, ज्याने आजवर
घरातल्या झुरळाएवढंही काही पकडलं नाही.
एक शब्दकोश, जो 'ग'पाशी थांबतो
आणि घोडा, चंद्र, पाणी यांचे पैसे मागतो.
फोटो सजवणारं काहीतरी:
मालूआत्याच्या साठीच्या प्रत्येक फोटोत
तिच्या नाकावरून तिरपं गेलेलं 'नमुना प्रत'.
(आत्याने तसाच फ्रेम करून घेतला.)

एकेकाला विचारत गेले, किती दिवस राहिलेत तुझे?
सगळ्यांचं एकच उत्तर. सव्वीस.
पंधरा वर्षं झाली, आणि बाकी सव्वीस दिवस.

काढताना ती भारी आर्जवं करतात.
खरंच काढायचं? नक्की?
जाताय याचं वाईट वाटतं. कारण सांगाल?
महाग होतं, समजलं नाही, दुसरं मिळालं, इतर.
मी प्रत्येक वेळी 'इतर'.

शेवटी राहिली पत्रिका.
आठांतली चारच कुटं दाखवायची ती,
वर्ण, वश्य, तारा, योनी, म्हणजे दहा गुण;
पुढचे सव्वीस पैसे भरल्यावर.
हिला काढलं, तर म्हणाली,
काही फाइली निघाल्या नाहीत,
त्या तुम्ही स्वतः काढा.

वृषाली एक. वृषाली दोन. वृषाली नऊ.
जन्म ग्वाल्हेर, पहाटे चार दहा.
मग चार सतरा. चार पंचवीस.
समोर झाशीचा इंजिनिअर, दतियाचा कुणी प्राध्यापक,
इंदूरचा तो, ज्याच्या आईने माझी उंची दोनदा विचारली होती.
नवव्या फाइलीत मी चार बावन्नला जन्मले आहे
आणि मंगळ सातव्यातून सहाव्यात
बिनबोभाट, बिऱ्हाड बदलल्यासारखा.

बाबांनी चौतीस वर्षं फिजिक्स शिकवलं.
कुणी मुहूर्त काढायला लागलं की म्हणायचे,
ग्रह काय आपले भाडेकरू आहेत?
आणि रात्री, आम्ही झोपल्यावर,
इन्व्हर्टरच्या पिवळ्या उजेडात
दोन बोटांनी टाइप करत
त्यांना घरं बदलायला लावत होते.
चौदाशे रुपये भरले असते तर विश्वास ठेवल्यासारखं झालं असतं.
म्हणून रोज तारीख मागे.

"बाबा, मी किती वाजता जन्मले?"
गच्चीवरून आवाज आला, "पहाटे.
घड्याळ कुठे होतं माझ्याकडे,
नर्सने लिहिलं तेच आपलं. का गं?"
काही नाही, म्हटलं.

एक ते आठ काढल्या.
नववीवर बोट ठेवून बसले काही वेळ.
कीबोर्डच्या फटीत गजकाचे तीळ होते,
ते हेअरपिनने उकरले. मग तारीख नीट लावली,
आणि मशीनने एक खोल श्वास घेतला, की पंख्याचाच आवाज तो.

बाबा सोललेले मटार घेऊन खाली आले.
"झाला का वेगवान?"
थोडासा.
चश्मा कपाळावर चढवून वाकले कोपऱ्यात,
बराच वेळ पाहत राहिले. माझ्याकडे नाही पाहिलं.
"सतरा तारीख आज?
मग गॅसचा नंबर लावायचा राहिला की."